विश्रांतीला लागणारे कष्ट

३ फेब्रुवारी

कित्येक महिने या वहीत काही लिहिलं नाही, याबद्दल दिलगीर आहे. कोणापाशी, ते सांगता येत नाही. वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, आणि माझी माफी मीच मागितली तर मी ती जरा जास्तच पटकन देऊन टाकीन अशी शंका येते. तेव्हा नुसतंच दिलगीर.

कारण: बाबांच्या मागे घर सावरायचं होतं. (वरचं वाक्य तपासलं. घर आईने सावरलं. मी बिलांची फाइल केली.)

आता सगळं स्थिरस्थावर आहे. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. मी पूर्णपणे सावरलो आहे. संध्याकाळी हॉलमधली त्यांची वेताची खुर्ची करकरते, ती दिवसभराच्या उन्हाने वेत ताणला जातो आणि ऊन उतरलं की सैल पडतो म्हणून. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि मी घाबरतही नाही. त्या खुर्चीत मी बसत नाही, कारण ती मला ठेंगणी पडते.

लिहायला बसलो ते ताईमुळे. तिचा फोन आला होता. आईला कायमची आपल्या घरी नेणार म्हणते. तिचं म्हणणं, आई हिशेब चुकते, एकटीच बोलते, आणि बोलून झालं की कोणीतरी उत्तर देणार असल्यासारखी बघत राहते. मी म्हटलं, असलं काही माझ्या लक्षात आलेलं नाही. ताई म्हणाली, तुझ्या लक्षात कसं येणार, तू दिवसभर लोकांना टोप्या घालत असतोस.

हा माझ्या नोकरीवरचा तिचा कायमचा विनोद.

आई बँकेत कॅशियर होती. तिचं डोकं शाबूत आहे. ताई भावनेच्या भरात बोलते, मी मोजतो. आईचं डोकं ठणठणीत असल्याचा पुरावा मी ताईसमोर ठेवणार, आणि आई इथेच राहणार. तिला माझी गरज आहे.

संकल्प: रोज लिहिणे. आईची चूक तिच्या तोंडावर न काढणे. (दुसरा संकल्प बाबा गेल्यापासूनचा आहे. एकदाही मोडलेला नाही. या वयात माणसाला जपावं लागतं.)

६ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिलं नाही. थकवा. संकल्पात 'रोज' हा शब्द घाईने घातला गेला.

ताईला समजावून सांगायचं आहे, तेव्हा आधी स्वतःला सांगून बघतो. आमच्या लॅबमध्ये माणूस नवं गणित शिकताना त्याच्या डोक्याला किती कष्ट पडतात ते मोजतात. उत्तर बरोबर आलं एवढ्यावरून कष्ट कळत नाहीत. एकाला घाम फुटून बरोबर येतं, दुसऱ्याला जांभई देता देता. म्हणून टोपी. टोपीतले बारीक लाल दिवे कपाळातून आत उजेड सोडतात. ज्या भागाला काम पडतं तिकडे रक्त धावतं. किती धावलं, ते परत येणाऱ्या उजेडावरून कळतं.

आधी विश्रांती. छोट्या बंद खोलीत, अंधारात, पडद्यावर अधिकचं चिन्ह. त्याकडे बघायचं, बाकी काही करायचं नाही. मग शंभराजवळच्या दोन आकड्यांचा गुणाकार, नव्या पद्धतीने. गुणाकाराच्या मापातून विश्रांतीचं माप वजा केलं की उरतात ते कष्ट. शिकत गेलं की तोच गुणाकार स्वस्त पडायला लागतो, आलेख खाली येतो. बस्स. इतकं सोपं आहे. ताईला हे दोन मिनिटांत सांगता येईल, जर तिने मध्ये तोंड घातलं नाही तर.

८ फेब्रुवारी

आईवर वापरण्याआधी टोपी स्वतःवर तपासली. हे माझं कर्तव्यच आहे.

निकाल अनपेक्षित. माझे कष्ट उणे आले. म्हणजे शून्याच्या खाली. पुन्हा केलं, पुन्हा उणे. गुणाकार करताना मला कष्ट पडत नाहीत एवढंच नाही, तर ते मला परत मिळतात! शाळेत माझी कदर झाली नाही याचा थोडा उलगडा झाला.

मॅडमना (प्रोजेक्ट त्यांचा आहे) ग्राफ दाखवला. मी विनयाने म्हटलं, अशी माणसं विरळाच असतील. मॅडमनी ग्राफ जवळ ओढला. मग म्हणाल्या, तुमचे गुणाकार सगळ्यांसारखेच आहेत. विश्रांतीचा आकडा बघा. तो एवढा वर आहे की वजा केल्यावर काही उरतच नाही. मग त्यांनी विचारलं, अंधारात त्या चिन्हाकडे बघताना तुम्ही काय करत होतात?

मी म्हटलं, काहीच नाही.

"काहीच न करायला एवढे कष्ट?" मॅडम म्हणाल्या.

उत्तर नंतर सुचलं: मी एकाग्र माणूस आहे, विश्रांतीसुद्धा मनापासून घेतो. उद्या सांगीन.

(सांगितलं नाही.)

१० फेब्रुवारी

आईला टोपीबद्दल विचारलं. ती म्हणाली, डोक्यात काय आहे ते बघायला दिवे कशाला लावतोस, विचार की. मी म्हटलं, विचारून मिळालेल्या उत्तराला शास्त्रात किंमत नसते. मग ती म्हणाली, म्हणूनच तुझं लग्न झालं नाही.

पण तयार झाली. ताई काय म्हणते तेही मी तिला सांगितलं. लपवणं मला बरोबर वाटलं नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ताई काय, आल्यापासून जाईपर्यंत बोलतच असते. यावरून तिला तिकडे जायचं नाही हे उघड आहे.

संध्याकाळी वाण्याचं बिल तिने मोठ्याने वाचून बेरीज सांगितली आणि खुर्चीकडे बघत राहिली. बेरीज चुकली असावी असं वाटलं. मी मान डोलावली आणि 'छान' म्हटलं. संकल्प शाबूत.

खुर्ची आज करकरली, पण आभाळ दिवसभर भरलेलं होतं. उन्हाचा मुद्दा पुन्हा तपासावा लागेल.

१२ फेब्रुवारी

आईचं सेशन. ठेवणीतले कपडे घालून आली. मी कपाळ स्पिरिटने पुसलं, केस मागे घेतले, टोपीचा पट्टा हनुवटीखाली बांधला. तिने विचारलं, ह्यात मी कशी दिसते? मी म्हटलं, रीडिंग चांगलं येतंय.

नवी पद्धत तिला एकदाच सांगितली. सत्याण्णव शंभराला तीन कमी, शहाण्णव चार कमी. सत्याण्णवातून चार गेले, त्र्याण्णव. तीन चोक बारा. नऊ हजार तीनशे बारा. ती म्हणाली, हे एवढं सोपं होतं तर चाळीस वर्षं आम्ही का घासली? दुसऱ्याच फेरीत आलेख खाली यायला लागला. मला ताईचा चेहरा दिसू लागला.

मग उत्तरं तपासली. सगळी चूक.

सत्याण्णव गुणिले शहाण्णव: नऊ हजार तीनशे बावीस. अठ्ठ्याण्णव गुणिले चौऱ्याण्णवचं यायला हवं नऊ हजार दोनशे बारा. तिने सांगितलं, नऊ हजार दोनशे बावीस. पुढेही तसंच. प्रत्येक उत्तर ठणकावून, आणि मग उजवीकडे जरा वर बघत शांत. उजवीकडे फोमची भिंत आहे. चूक की बरोबर हे सांगायचं नाही असा आमचा नियम आहे, म्हणून मी काचेपलीकडून नुसती मान डोलावत राहिलो.

घरी जाताना तिच्या कपाळावर दिव्यांचे गोल वळ होते. तिने विचारलं, आलं का काही? मी म्हटलं, उत्तम.

१३ फेब्रुवारी

आमच्या तक्त्याप्रमाणे कमी कष्ट आणि चूक उत्तर याचा एकच अर्थ: माणूस प्रयत्नच करत नाहीये. किंवा त्याला कळतच नाहीये की प्रयत्न करायला हवा. हा कागद ताईच्या हातात पडला तर ती दुपारच्या आत सामानाची गाडी घेऊन येईल.

सकाळी दरवाजाच्या बाजूला बाबांच्या चपला दिसल्या. आईने झाडताना काढल्या असतील. पुन्हा आत ठेवल्या. संध्याकाळी पुन्हा बाहेर. आईला विचारणार होतो, पण प्रश्नाचा रोख आरोपासारखा वाटला असता.

१४ फेब्रुवारी

मार्ग सापडला.

आईचा आलेख पूर्ण पसरून बघितला. गुणाकार करताना रेघ सपाट. पण उत्तर दिल्यानंतर, त्या शांततेत, सरळ चढण. दर वेळी. आता, रक्त डोक्यात जरा उशिरा पोचतं हे सर्वांना माहीत आहे. आईचं वय बघता अंमळ जास्तच उशिरा. तेव्हा ही चढण म्हणजे आधीच्या गुणाकाराचेच कष्ट, मागून आलेले. मी मोजण्याची चौकट काही सेकंद पुढे सरकवली, आणि कष्ट भरपूर निघाले! आई प्रयत्न करते. प्रचंड करते.

हे बरोबर केलं का, यावर बसमध्ये विचार केला. मी डेटा बदललेला नाही. फक्त कुठे बघायचं ते बदललं. हे सगळेच करतात. (सगळे म्हणजे कोण, हे स्वतःलाच विचारलं. तेवढ्यात उतरायचा स्टॉप आला.)

सेशनचं रेकॉर्डिंगही ऐकलं. आईचं पहिलं उत्तर, मग शांतता, आणि त्या शांततेत कोणीतरी घसा खाकरतं. हलकंच. बाबा बोलायच्या आधी खाकरायचे तसं. तो आवाज माझाच असणार. मी खाकरलो नव्हतो, शिवाय मी काचेच्या या बाजूला होतो, पण माझाच असणार.

१७ फेब्रुवारी

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. चौकट का सरकवली, विचारलं. मी रक्ताचा उशीर सांगितला. त्या म्हणाल्या, तो उशीर प्रोग्रॅममध्ये आधीच धरलेला असतो. धरायचं काम तुमचंच आहे, दोन वर्षं तुम्हीच करताय.

मी म्हटलं, विसरलो नव्हतो. (विसरलो नव्हतो हे खरंच आहे. आठवायचं टाळलं होतं. हे वेगळं.)

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी आईच्या उत्तरांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, प्रत्येक उत्तर दहाने जास्त. एकही अकराने नाही, नऊने नाही. नेमकं दहाने चुकायचं तर आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. या बाईंना सगळं येतंय. मग त्यांनी त्या चढणीवर पेन ठेवलं.

"ह्या आता गणित करत नाहीयेत. वाट बघताहेत. कशाची बघतात तुमच्या आई वाट?"

मी म्हटलं, चहाची असेल, सेशन लांबलं होतं.

१८ फेब्रुवारी

आईला विचारलं. शास्त्रात किंमत नसली तरी.

ती इस्त्री करत होती. बाबांचा शर्ट. मी तो का, हे विचारलं नाही. एका वेळी एकच प्रश्न. म्हटलं, तू उत्तरात दहा मुद्दाम मिळवतेस का?

"मग काय आपोआप पडतात?" ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी यायचे, आणि घरी बायको कॅशियर, तिची चूक कधीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच तिला दिसलं की हा माणूस संध्याकाळी नुसता बसून राहतो, हातांचं काय करावं ते त्याला कळत नाही. मग एकदा बेरीज सांगताना तिने दहा जास्त सांगितले. बाबा खाकरले आणि म्हणाले, दहा कमी कर. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. तेव्हापासून रोज.

मी विचारलं, बाबांना माहीत होतं की तू मुद्दाम करतेस?

"न कळायला काय झालं? शेवटी शेवटी तर बिल बघतही नव्हते. मी आकडा सांगायचा अवकाश, दहा कमी कर. गणितात दोनदा नापास झालेला माणूस, पण एवढं मात्र कधी चुकला नाही."

मी म्हटलं, मग आता दहा जास्त का सांगतेस? आता कोण आहे?

ती इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिली. उजवीकडे वर नाही, सरळ माझ्याकडे. मग म्हणाली, तू आहेस की रे घरात.

यावर काय लिहायचं ते उद्या बघू.

१९ फेब्रुवारी

सगळं नीट आहे. उलट उत्तम आहे. आईचं डोकं नुसतं शाबूतच नाही, तर चूकसुद्धा ती हिशेबाने करते. नवा रिपोर्ट लिहिला, चौकट जागेवर ठेवून. ताई शनिवारी येणार आहे. जिंकलो.

आईला हवं ते मी देऊ शकतो. 'दहा कमी कर' म्हणायला मुद्रितशोधक असावं लागत नाही. संध्याकाळी तिने बिल वाचलं, बेरीज सांगितली. मी तयार होतो. पण न तपासता कोणाला चूक म्हणणं मला पटत नाही. बिल घेतलं, कागदावर बेरीज केली, उलटीकडून पुन्हा केली. मग म्हटलं, आई, तुझ्या उत्तरात साधारण दहाचा फरक असण्याची शक्यता आहे.

आई म्हणाली, जेवायला बस.

थोडा सराव लागेल.

२२ फेब्रुवारी

ताई आली. भावोजी गाडी लावून खालीच थांबले. आमच्या घरी आले की त्यांना दडपल्यासारखं होतं म्हणतात. मी रिपोर्ट समोर ठेवला, आलेखावर बोट ठेवून सगळं सांगितलं. ताईने चक्क मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, म्हणजे आईला काही झालेलं नाही. मी म्हटलं, काही म्हणजे काहीच नाही. तिचे निर्णय ती स्वतः घेऊ शकते. हे वाक्य मी रिपोर्टमध्ये ठळक केलं होतं.

आई तोवर ताईच्या पिशवीतल्या वस्तू काढून टेबलावर मांडत होती. सवयीने बेरीज करत गेली, मोठ्याने, आणि शेवटचा आकडा सांगितला. ताई फोनमध्ये बघत होती. मान वर न करता म्हणाली, "काहीतरीच काय आई, दहा जास्त झाले. लक्ष कुठे आहे तुझं?"

मी आईचा चेहरा पाहिला. टोपी नव्हती, त्यामुळे नोंद करता येत नाही.

मग ती खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर. तिला ती ठेंगणी पडत नाही. म्हणाली, डोकं ठीक आहे ना माझं? तूच लिहिलंयस ना? मग मी ठरवते. मी ताईकडे जाते.

मी म्हटलं, ताई तुला दिवसभर बोलते. आई म्हणाली, हो. मी म्हटलं, मी तुला एका शब्दाने दुखावलं नाही. ती म्हणाली, नाही रे, कधीच नाही.

"तू फार जपतोस मला," ती म्हणाली. "वर्षभर मी रोज चुकतेय, आणि तू रोज छान म्हणतोस. मला वाटायला लागलं, तेच गेले की मी?"

ताईने फोन खाली ठेवला. मी रिपोर्टची पानं सारखी केली. ती सारखीच होती.

१ मार्च

आई सकाळी भावोजींबरोबर गेली. मी लॅबला सुट्टी घेतली नाही. एक व्हॉलंटियर यायचा होता. त्याने येत नाही म्हणून सकाळीच कळवलं, तेव्हा घरीच राहिलो.

निर्णय योग्यच आहे. आता मोकळा वेळ भरपूर मिळेल. सकाळी व्यायाम, संध्याकाळी वाचन, वेळ मिळेल तसं लिखाण. आई होती म्हणून मी अडकून पडलो होतो हे मान्य करायला हरकत नाही. (हरकत आहे. पण लिहून झालं.)

ताईचा फोन: आईने आल्या आल्या चुकीची बेरीज सांगितली, ताईने हटकलं, आणि आई जेवण करून दुपारभर झोपली. घरी ती दुपारी झोपत नसे. ताईला विचारलं, काही दुखतंय का तिला? ताई म्हणाली, नाही रे, घोरत होती.

आवरताना कळलं, बाबांच्या चपला तिने नेलेल्या नाहीत. इस्त्री केलेला शर्टही नाही. मागे माझ्यासाठी ठेवलं असेल तर सांगून ठेवायला हवं होतं. शर्ट मला आखूड होईल.

३ मार्च

लॅबहून आलो. जिना चढलो, बेल वाजवली आणि पायपुसण्यावर थांबलो. नेहमीसारखा. आतून खाकरल्याचा आवाज आला, मग पावलं. हळू, एक पाय जरा ओढत. म्हणून परत बेल वाजवली नाही. येणाऱ्या माणसाला घाई करू नये.

पावलं दारापाशी आली आणि थांबली. मीही थांबलो.

वरच्या मजल्यावरची पाइपलाइन भिंतीतून आमच्या दारापर्यंत येते, आवाज तसा वाहत येऊ शकतो. हे मी तिथेच उभ्या उभ्या काढलं. तरी हातातली पिशवी दाराच्या दिशेने धरून उभा राहिलो, आत घेतील म्हणून.

शेजारच्या काकूंनी त्यांचं दार उघडलं. म्हणाल्या, कधीचा उभा आहेस? मी म्हटलं, आत्ताच आलो. त्या म्हणाल्या, घरात कोण आहे उघडायला? तेव्हा लक्षात आलं की मी किल्ली कधी बाळगलेलीच नाही. सकाळी दार ओढून घेतलं की ते आपलं आपण लागतं, आणि संध्याकाळी कोणीतरी उघडायचं. मागच्या दोन दिवसांत बाहेर पडलोच नव्हतो.

काकू आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. आई जाताना देऊन गेली होती. म्हणाली होती म्हणे, तो बेल वाजवेल.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दिवा लावला.

उद्या: आणखी एक किल्ली करून घेणे.